बरा हाय

आमच्या घरात 'बरा' या शब्दाच्या वर शब्द नाही.

मितेशच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या, शाळेतला जुना शब्दकोश मी एकदा उघडून पाहिला. 'बरा : ठीक, साधारण.' म्हणजे आमच्या ह्यांना न विचारताच छापलेला. मितेश तालुक्यात पहिला आला तेव्हा हे म्हणाले, "बरा झाला." मला बघून घरी गेले तेव्हा म्हणाले होते, "बरी हाय." सासूबाईंनी लग्नानंतर मोठ्या कौतुकाने ते मला सांगितलं, आणि मी कितीतरी दिवस तोंड फुगवून होते.

दोष ह्यांचाही नाही. सासरे एकदा दारच्या फणसाला "काय लगडलाय" म्हणाले, आणि त्याच आठवड्यात तो आडवा झाला. तेव्हापासून चांगल्याला चांगलं म्हणायची चोरी. म्हटलं की दृष्ट लागते.

इतकी वर्षं चाललं. मग आम्ही मागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. घर किहीमला, समुद्रावर जाणाऱ्या रस्त्यालाच. मी रांधायचं, ह्यांनी फाटकाशी बसायचं. मांडव्याला बोटीतून उतरलेले लोक रिक्षा थांबवून विचारत, "काका, जेवण कसं असतं?"

"बरा हाय," हे खरं ते सांगत.

लोक एकमेकांकडे बघत आणि शेजारी परेशकडे जात. त्याच्या पाटीवर 'स्वर्गीय चव' लिहिलंय. आमच्यात फोटोला हार घातल्यावर माणसाला स्वर्गीय म्हणतात, पण मुंबईच्या लोकांना त्यानेच भूक लागते.

शेवटी मितेश म्हणाला, "आई, रविवारी मृणाली म्हणून एक बाई येतायत. वडिलांच्या पंच्याहत्तरीला जागा बघायला. त्या पण परेशकडे गेल्या तर मी पनवेलच्या माणसाला घर भाड्याने देतो. तो स्वयंपाकघर पाडून तिथं बाथरूम काढणार आहे."

माझ्या चुलीच्या जागी शॉवर. मी ह्यांना शिकवायला बसले.

"म्हणा, रुचकर."

"त्या वैद्याच्या चूर्णावर लिवलेला असतं."

"मस्त म्हणा मग."

"मस्त रेडा असतो."

"अप्रतिम?"

"म्हंजे काय?"

"ज्याला जोड नाही असं."

"जोड न्हाय? एकटा पडंल की बिचारा." पण माझं तोंड बघून ते 'अप्रतिम' घोकत माडांना पाणी घालू लागले.

रविवारी मी जिताडा माशाचं कालवण केलं. मृणाली आणि तिचे वडील आले, मितेशसोबत ओटीवर बसले. कालवणाचा तोप मी समोरच आणून ठेवला. मृणालीने विचारलंच, "काका, जेवण कसं असतं इथलं?"

ह्यांनी इंजेक्शन घेताना मिटतात तसे डोळे मिटले. "अप्रतिम."

मी देवाला हात जोडणार, तेवढ्यात ह्यांचा चेहरा पडला. पहिल्यांदा तोपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि उठून आत गेले. आले ते मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन. पाहुण्यांच्या देखत तोपावरून मूठ ओवाळत पुटपुटायला लागले, "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची..." मग अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीत सगळं टाकलं आणि तिथंच वाट बघत उभे राहिले.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. स्वयंपाकघर गेलंच म्हणायचं.

"हे काय करतायत काका?" मृणालीने हळूच विचारलं.

"कालवणाची दृष्ट काढतायत," मी सांगितलं. काय लपवणार? "एरवी नुसतं 'बरा हाय' म्हणतात. आज माझ्यासाठी जास्त बोलले, म्हणून घाबरले."

मिरच्या जळत होत्या, पण कुणाला ठसका लागेना. मिरच्या जळून ठसका नाही म्हणजे दृष्ट जबरदस्त, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक.

"बघ," हे मला म्हणाले. "चांगलीच लागलेली."

मृणालीच्या वडिलांनी मान पुढे काढली. "कुणाची हो?"

"माझीच. दुसऱ्या कोनाची?"

मी भाकऱ्या मोजल्यासारखं केलं. भाकऱ्या आधीच मोजलेल्या होत्या.

"वाढा," म्हातारबुवा म्हणाले. ते जेवले. मग बोलायचं सोडून पुन्हा जेवले. काटे ताटाच्या कडेला नीट रचून ठेवले. मृणालीने विचारलं, "बाबा, कसं आहे?"

त्यांनी एकदा चुलीकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे. "बरा हाय," म्हणाले. "पंच्याहत्तरी इथंच. आणि त्या दिवशीही हेच करा. दुसरं कोणी रांधणार असेल तर मी येत नाही."

मितेशने तिथल्या तिथे पनवेलच्या माणसाला नको म्हणून फोन लावला.

पाहुणे गेल्यावर हे उरलेला तोप पुढ्यात घेऊन जेवायला बसले. मी समोर बसले आणि म्हटलं, "आता कोणी नाही. कसं झालं होतं?"

"मगाशी सांगितला ना."

"परत सांगा."

ह्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा तोपाच्या कडेने फिरवला. "रोज सांगाला मिरच्या कुठून आनू?"