एकवीस खिडक्यांचा हॉल

योगराज जेवायला बसले, पण घास काही तोंडात जाईना. सुरतेत पर्वत पाटिया भागात हितेशभाईंचा पडद्यांचा कारखाना आहे, तिथे हे माझे मिस्टर कटिंग बघतात. माथेरानच्या एका जुन्या, मोठ्या हॉटेलची ऑर्डर त्यांनी महिनाभर राबून पूर्ण केली होती. त्या रविवारी तिथून फोन आला की एकही पडदा नीट बसत नाही. काही जमिनीवर लोळताहेत, काही वीतभर वर लोंबकळताहेत.

"माप त्यांनीच दिलं होतं. सगळ्या खिडक्या एकसारख्या म्हणून सांगितलं होतं," योगराज म्हणाले. "हे बघ." त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ लावला.

माझ्या सासूबाई शोभाबाई दाराजवळ बसून साडीला फॉल लावत होत्या. डिंडोलीच्या आमच्या गल्लीत त्यांची ओळख तेवढीच, फॉलवाल्या मावशी. त्यांनी हात पुढे करून मोबाईल मागितला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हाऊ तर आमना हॉल शे," त्या म्हणाल्या.

"आमना म्हणजे?" मी विचारलं.

"आमचा म्हणजे आमचा. एकवीस खिडक्या आहेत, मोज. आणि एक दुसरीसारखी नाही."

माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली. सासूबाई आणि माझे सासरे सुकदेव तरुणपणी धुळ्याकडून माथेरानला हॉटेलात कामाला गेले होते, एवढंच मला ठाऊक होतं. हॉटेलात म्हणजे भांडी घासत असतील, असं मी मनाशी धरून चालले होते. कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट ऐकलं. सासरे पाणी तापवायच्या बॉयलरवर होते. सासूबाई कापडखोलीत. चादरी, नॅपकिन, टेबलावरची कापडं, पडदे, जे जे म्हणून कापडाचं ते त्या खोलीतून धुऊन, खळ घालून, रफू करून बाहेर जायचं. प्रमिलाबाई नावाच्या तिथल्या मुख्य बाईंनी त्यांना हाताशी धरून शिकवलं. अकरा वर्षं काम केलं. मग हॉटेल बंद पडलं आणि दोघं सुरतेला आले.

"त्या हॉलची जमीन दरीकडे उतरते," सासूबाई सांगत होत्या. "डोळ्याला कळत नाही. गोटी ठेवली तर गडगडत जाते. वरची दांडी सरळ, खालची जमीन तिरपी. तिथे पडदा टेबलावर मापून पुरा करायचाच नसतो. आधी टांगायचा. तीन दिवस लोंबू द्यायचा, तिथली हवा खाऊ द्यायची. मग जागेवर बसून खालची पट्टी घालायची."

"खाली दुमडायला कापड भरपूर सोडलंय मी," योगराज हळूच म्हणाले. बारा तासांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हितेशभाईंनी स्वतः सासूबाईंना फोन केला. "मासी, येत्या रविवारी हॉटेल उघडतंय. तुमच्याच्याने होईल? पाक्कुं ने, नक्की?"

"मी अकरा वर्षं केलंय ते," सासूबाई म्हणाल्या. "मधे फक्त जरा खंड पडला."

खंड तेहतीस वर्षांचा होता.

योगराजना कारखाना सोडता येत नव्हता, म्हणून सासूबाईंबरोबर मी निघाले. हाताने चालवायचं शिलाई मशीन त्यांनी चादरीत बांधून मांडीवर घेतलं. नेरळहून टॅक्सीने वर गेलो. पुढे गाडी जात नाही, तेव्हा मशीन घोड्यावर लादलं आणि आम्ही लाल मातीतून मागे चालत राहिलो. चौसष्ट वर्षांची बाई, डिंडोलीत जिना चढताना दोनदा थांबते, ती त्या चढावर माझ्या पुढे होती.

हॉटेल मी व्हिडिओत पाहिलं होतं, पण समोर उभं राहिल्यावर वर बघताना मान पाठीला टेकली, एवढी त्याची उंची. दगडी जोतं, लाकडी सज्जे, लांबच लांब व्हरांडा. आतून नव्या रंगाचा वास येत होता. मॅनेजर चैताली नावाची मुलगी होती, असेल तिशीची. ती धावतच आली. तिने आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे पाहिलं, जणू अजून कोणी यायचं आहे.

"कारागीर?" तिने विचारलं.

"ह्याच," मी म्हणाले.

सासूबाई सरळ हॉलमध्ये गेल्या. एकेका खिडकीपाशी थांबल्या, पडद्याचं टोक बोटांत चुरून पाहिलं. "कापड चांगलं आहे. माझ्या पोराने कापलंय," त्या चैतालीला म्हणाल्या. "फक्त खालची पट्टी उसवायची."

"सगळ्यांची?"

"बेचाळीसच्या बेचाळीस."

ती रात्र आणि मंगळवारची सकाळ आम्ही उसवण्यात घातली. हॉटेलने मदतीला वस्तीतल्या दोघी बायका दिल्या. दुपारी पडदे पुन्हा चढवले, कडा सुटलेल्या, सुतं लोंबणारी. इतका देखणा हॉल आणि त्यात ती लक्तरं. चैताली ते बघून रडायच्या बेतात आली.

"आता शिवा ना मावशी."

"शुक्रवारी."

"शनिवारी मालक येणार आहेत! तीन दिवस नुसते टांगून ठेवायचे?"

"मी पट्टी आज घालते," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "पण मग आठ दिवसांनी पडदे पुन्हा लोळतील आणि तू पुन्हा सुरतेला फोन करशील. तेव्हा मी येणार नाही."

मी कावरीबावरी झाले. मॅनेजरशी असं बोलायचं? हितेशभाईंना कळलं तर? चैताली निघून गेली. जाताना मात्र तिने एका पडद्याशेजारी भिंतीला कागद चिकटवला आणि कापडाच्या टोकापाशी पेन्सिलने रेघ मारली.

ते तीन दिवस सासूबाईंनी मला सगळं हॉटेल दाखवलं. पाहुण्यांच्या खोल्या नव्हे, मागची बाजू. कापडखोलीत आता कॉम्प्युटर होते. बॉयलरची खोली रिकामी होती, भिंती अजून काळ्या. तिथे त्या उंबऱ्यावर बसल्या.

"इथे पावसाळ्यात काही वाळत नाही. ढग घरात शिरतात," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांनी बॉयलरच्या मागे आठ दोऱ्या बांधून दिल्या होत्या. पाहुण्यांच्या चादरी आधी, आमचे कपडे सगळ्यात शेवटी. ते रात्रपाळी संपवून तिथेच उभे राहायचे, चादरी उलटवायला. अकरा पावसाळे काढले आम्ही. कोणाच्या अंगाखाली दमट चादर गेली नाही."

"बाबा कधी बोलले नाहीत हे."

"सुरतेला कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये लागले, तिथे कोणाला सांगणार? तिथे सगळेच धूर खात होते." त्यांनी काळ्या भिंतीवरून बोट फिरवलं. "पण मला माहीत होतं ना. आणि प्रमिलाबाईंना. त्या म्हणायच्या, सुकदेव नसता तर हॉटेल जून महिन्यातच बंद करावं लागलं असतं."

माझ्या सासऱ्यांना ते जाईपर्यंत मी थकलेलंच पाहिलं. खोकणारे, ओट्यावर बसून राहणारे. त्या काळ्या खोलीत ते पहिल्यांदा मला तरुण दिसले.

गुरुवारी दुपारी चैताली मोजपट्टी घेऊन आली. पेन्सिलची रेघ होती तिथेच होती, पडद्याचं टोक तिच्याखाली बोटभर उतरलं होतं. तिने शेजारचा पडदा पाहिला, तो त्याहून जरा कमी उतरला होता. पलीकडचा जास्त. ती तशीच उकिडवी बसून राहिली.

"मावशी, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"इथल्याच एका बाईने. ह्याच जमिनीवर बसवून."

शुक्रवारी सकाळी सासूबाई खरोखर जमिनीवर बसल्या. टाचण्या तोंडात धरलेल्या. खिडकीगणिक त्या पडद्याची कड जमिनीपासून दोन बोटं वर धरायच्या. लाल माती लागू नये म्हणून वर, आणि दोनच बोटं, म्हणजे लांबून टेकल्यासारखा दिसतो. टाचणी लावून झाली की मी पडदा उतरवायचे, त्या दोघींतली एक मशीन फिरवायची, दुसरी इस्त्री. परत चढवला की सासूबाई दहा पावलं मागे जाऊन बघायच्या. चार पडदे त्यांनी पुन्हा उसवायला लावले. मला तर त्यांत काहीच फरक दिसत नव्हता.

"आई, हा बरोबर आहे की."

"तुझ्या डोळ्याला. परत कर."

शनिवारी चार वाजता, मालक पोहोचायच्या आधी, एकविसावी खिडकी झाली. चैतालीने हॉलची दारं उघडली आणि आम्ही चौघी दारात उभ्या राहिलो. इथून तिथपर्यंत पडद्यांच्या कडा एका ओळीत होत्या. जमीन तिरपी आहे हे कोणी सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. मी योगराजना व्हिडिओ पाठवला. पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. मागून हितेशभाईंचाच आवाज येत होता, "मासीने आप, मासीला फोन दे!"

रविवारी दुपारी पहिले पाहुणे जेवायला आले. चैताली आम्हाला घ्यायला मागच्या खोलीपर्यंत आली.

"आज तुम्ही दोघी हॉलमध्ये जेवायचं. मी टेबल ठेवलंय."

मला वाटलं सासूबाई नको म्हणतील. अकरा वर्षांत पाहुणे असताना त्या ह्या हॉलमध्ये एकदाही गेल्या नव्हत्या. त्यांनी धुऊन ठेवलेली निळी साडी नेसली, केस विंचरले आणि म्हणाल्या, "चल."

मी अवघडून बसले होते. काटा कोणता, चमचा कोणता. सासूबाईंनी नॅपकिन उलगडला, त्याची खळ अंगठ्याने तपासली, "पातळ आहे," म्हणाल्या आणि मांडीवर पसरला. हाताने जेवायला सुरुवात केली. अर्धं जेवण झालं असेल, तेवढ्यात त्या एकदम उठल्या. तिसऱ्या खिडकीचा पडदा कोणीतरी बाजूला सारून तसाच सोडला होता. सासूबाईंनी डाव्या हाताने एकेक चुणी जागेवर आणली आणि वरून खाली हात फिरवला.

त्या खिडकीशेजारच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ सहकुटुंब बसले होते. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही इथे काम करता का?"

मी अर्धवट उठलेच, काहीतरी सारवासारव करायला. सासूबाईंनी मागे वळून साऱ्या हॉलवर एकदा नजर टाकली.

"हो," त्या म्हणाल्या. "हे सगळे पडदे माझे आहेत."

"फारच सुंदर!" ते गृहस्थ म्हणाले.

"आहेतच," सासूबाई म्हणाल्या, आणि परत येऊन त्यांनी आणखी भात मागितला.