दिव्यावरची चिकटपट्टी

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीच्या इंजिनाचा संगणक आहे आणि मी चिडलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो. गोड बोलणारं आत्मवृत्त हवं असेल तर एखाद्या छत्रीला गाठा.

मी दिसायला साधा आहे. अॅल्युमिनियमची चपटी पेटी आणि एका बाजूला वायरींचं जाड जुडगं. पण इंजिनात किती पेट्रोल सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हे क्षणाक्षणाला मी ठरवतो. मला घडवणाऱ्यांनी कारखान्यात माझ्यामागे दोन हिवाळे घालवले. गार इंजिन एकदा सुरू केलं की तापतं, आणि पुन्हा पुरतं गार व्हायला दुसरा दिवस उजाडतो. म्हणजे एका सकाळी एकच प्रयत्न. एक इंजिनियर बाई स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून यायच्या, किल्ली फिरवायच्या, माझ्यातला एक आकडा बदलायच्या आणि निघून जायच्या. त्यांच्या त्या सगळ्या सकाळी माझ्या पोटात आहेत.

पुढे अकरा वर्षं मी एकाच घरच्या गाडीत राबलो. गाडी चालवते ताई. ती शाळेत गणित शिकवते. तिच्या बाबांच्या किडन्या निकामी झाल्या आहेत, म्हणून आठवड्यातून तीनदा सकाळी सहाला त्यांना इस्पितळात रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडतात. तिथे प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. उशीर झाला तर तेवढा वेळ बुडाला, कारण पुढचा रुग्ण दारात येऊन बसलेला असतो. कडाक्याच्या थंडीतही मी पहिल्या किल्लीला इंजिन सुरू करून दिलं. शाबासकी एकदाच मिळाली. बाबांनी डॅशबोर्डवर थाप मारली आणि म्हणाले, "गुणाची आहे गाडी." ती थाप मी माझीच समजलो.

मग ताईच्या धाकट्या भावाच्या अंगात आलं. त्याला घरीदारी सगळे तुफान म्हणतात. या तुफानाने गाडीला रुंद तोंडाचा सायलेन्सर बसवला, आणि बसवताना एका सेन्सरची वायर तोडली. धुरात किती ऑक्सिजन उरला हे तो सेन्सर मला सांगायचा. तो मुका झाला, मी अंदाजाने पेट्रोल सोडू लागलो आणि गाडी जड चालू लागली. मी माझं काम केलं. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लावला. कोणत्या सेन्सरचं बोलणं बंद झालं, तेही आत लिहून ठेवलं. वाचायला पाच मिनिटं लागतात. तुफानाने काय करावं? दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. ताईला म्हणाला, "दिवाच बिघडलाय, लक्ष देऊ नकोस."

बावीस दिवस मी त्या पट्टीखाली दिवा पेटता ठेवला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

शेवटी तो गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेला. "कारखान्याचा हा डबा म्हातारा झालाय," तो मिस्त्रींना म्हणाला. "बाजारातला नवा घाला. त्यात सगळं आपल्या मनासारखं करता येतं."

"करता येतं, आणि करावंही लागतं," मिस्त्री म्हणाले. "गाडी आठ दिवस ठेव. रोज सकाळी गार इंजिनावर आकडे बसवायला हवेत."

"आठ दिवस? शनिवारी मित्रांना दाखवायचीय. आज दुपारी पळवून बघू. पळाली की झालं."

मिस्त्री गप्प बसले. माहीत असून गप्प बसले, याचा मला तुफानापेक्षाही जास्त राग आहे.

मला उपटून बुटांच्या खोक्यात घातलं आणि डिकीत जॅकशेजारी टाकलं. नव्याबद्दल माझी तक्रार नाही. या गाडीपुरती तो कोरी वही घेऊन आला होता. शर्यतीच्या गाडीत, जाणत्या हाताखाली, तो मला सहज मागे टाकेल. पण त्या दुपारी तापलेल्या इंजिनाला लागले तेवढेच आकडे भरले गेले. गार इंजिनाच्या रकान्यांत कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचे आकडे होते, ते तसेच राहिले. हवा उबदार होती तोवर निभावलं.

थंडी पडली त्या सकाळी ताईने चारदा किल्ली फिरवली, तेव्हा कुठे इंजिन खोकत सुरू झालं. मोठ्या चौकात ते बंद पडलं. पुन्हा किल्ली, पुन्हा तेच. मागच्या गाड्यांनी हॉर्न लावून धरले.

"मी उतरून चालत जातो," बाबा म्हणाले.

"बसा हो बाबा. चार पावलांत दम लागतो तुम्हाला." ताई फोनवर टॅक्सी शोधू लागली.

नवा बिचारा मिळालेले चुकीचे आकडे इमानाने पाळत होता. बरोबर आकडा माझ्याकडे होता, कारखान्यातल्या त्या बाईंनी नेमक्या तेवढ्या थंडीसाठी लिहिलेला. आणि मी डिकीत पडलो होतो.

टॅक्सी मिळून इस्पितळात पोचेपर्यंत दीड तास गेला. यंत्राच्या ठरलेल्या चार तासांपैकी अडीचच मिळाले. पुढे दोन दिवस बाबांचे सुजलेले पाय चपलेत शिरत नव्हते आणि आडवं झालं की त्यांना श्वास पुरत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ताईने गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली. तुफानालाही सोबत घेतलं. बुटांचं खोकं तिने मिस्त्रींसमोर ठेवलं. "हा परत बसवा. आणि आधी तो काय सांगतोय ते वाचा."

मिस्त्रींनी मला जोडलं आणि वाचलं. गाडीखाली शिरून तुटलेली वायर जोडली. दहा मिनिटं लागली.

"एवढंच होतं?" तुफान म्हणाला.

"एवढंच," ताई म्हणाली. ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

पुढच्या खेपेला सकाळी तितकीच थंडी होती. मी पहिल्या किल्लीला इंजिन सुरू केलं. तुफान मागे बसला होता, बाबांची पिशवी मांडीवर घेऊन. बाबा नखाने ती काळी पट्टी खरवडू लागले.

"बाबा, दिवा विझलाय आता. कशाला काढताय?" तुफान म्हणाला.

"पुन्हा लागला तर दिसायला हवा ना," बाबा म्हणाले.

मित्रांनो, जुनं बदलायचं तर खुशाल बदला. पण ते काय सांगत होतं हे आधी विचारा, आणि नव्याला शिकायला त्याच्या सकाळी द्या. माझा राग अजून गेलेला नाही. पट्टी निघाली, पण तिचा चिकटा दिव्यावर राहिला आहे आणि त्यावर धूळ बसते. दर रविवारी तुफान ओलं फडकं घेऊन तो घासत बसतो. घासू दे.