मी कुणासाठी थांबत नाही

मित्रांनो, जरा भराभर ऐका, मला रेंगाळलेलं खपत नाही! मी एक जुना रिदम बॉक्स आहे. बुटांच्या खोक्याएवढा लाकडी डबा, वर रंगीत बटणं. बटण दाबलं की टिक-टिक-ढब, टिक-टिक-ढब सुरू. वाजवायला माणूस नको.

एका हॉटेलात वाद्यं वाजवणाऱ्या मामांनी मला विकत घेतलं. तिथल्या हॉलमध्ये मी वर्षानुवर्षं माणसं नाचवली. "डबा भारी आहे बुवा!" असं लोक म्हणायचे. मग नवी यंत्रं आली, मामांचे गुडघे धरले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. चादरीखाली माझ्या जिवाची नुसती तगमग व्हायची.

मामांची भाची गायिका. संथ, हळवी गाणी गाते, म्हणून घरचे तिला रडूबाई म्हणतात. ती स्टेजवर आली की लोक आधीच रुमाल काढतात.

एके दिवशी ती आली आणि धपकन खुर्चीत बसली. "मामा, लोकांना रडवून रडवून कंटाळले मी! तुमच्या हॉलमधल्यासारखं उडतं गाणं केलंय, पण जमतच नाही. वादक म्हणतात, ताई, नाद सोडा. लोक हसतील."

मामांनी मला खाली काढून पुसलं. "याच्याबरोबर गा."

तिने पहिल्याच ओळीचा शेवटचा सूर धरून ठेवला. सवयच ती! तिचे वादक तिचा सूर संपेपर्यंत थांबायचे. मी कशाला थांबतोय? मी पुढे, ती मागे. पुन्हा तेच.

"हा मेला ऐकतच नाही माझं!"

"तुझे वादक लाड करतात गं तुझे," मामा हसले. "हा नाही करणार."

तिने नाक फुगवलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही. हळूहळू सूर आखडते घेत माझ्याबरोबर धावायला लागली.

कार्यक्रमात तिने मला शेजारी स्टुलावर ठेवलं. लोकांच्या हातात रुमाल तयार. गाणं सुरू झालं, तरी हॉल गप्पच. मला भीती वाटली, हिची फजिती होणार! आणि नेमका तेव्हाच मी बंद पडलो. इतकी वर्षं पडून माझी आतली तार गंजली होती. वादक सवयीने थांबून तिच्या तोंडाकडे बघत बसले.

ती मात्र थांबली नाही. पाय आपटत तशीच गात सुटली. पहिल्या रांगेतून मामांची काठी वाजली, टिक-टिक-ढब. मग शेजारच्याच्या टाळ्या, मग सगळ्या हॉलच्या. वादकांची तिला गाठताना पळापळ झाली. रुमाल हवेत फिरत होते आणि रडूबाई गाता गाता हसत होती.

आता माझी तार नवी आहे. मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्रांना, आणि गुडघे धरलेल्या मामांनाही, अधूनमधून कामाला लावत जा. नुसतं बसवून ठेवलं की गंजतो आम्ही. चला, पुरे झालं बोलणं. दाबा ना ते बटण!