पहिल्या बाटलीचा मान

पोशाने मागच्या पडवीत भट्टी लावली त्या दिवशी चांगोचं डोकं जे फिरलं, ते पुन्हा काही जागेवर आलं नाही. पोशा म्हणजे त्याच्या बायकोचा, जनीचा, धाकटा भाऊ. साजगावच्या कारखान्यात चिकटल्यापासून तो बहिणीकडेच राहायचा. वेळेवर जेवायचा, पगारातला वाटा बहिणीच्या हातावर ठेवायचा, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. असा मेव्हणा मिळायला नशीब लागतं, असं गाव म्हणायचं. चांगो म्हणायचा, नशीब कसलं, साडेसाती आहे.

कारण काय, तर सुट्टीच्या दिवशी पोशा लोखंड ठोकायचा. रुळाचा एक तुकडा कुठूनसा पैदा करून त्याने ऐरण केली होती, आणि जुन्या सायकलच्या चाकावर पट्टा चढवून वारा घालायचा पंखा. कोळशात सळईचा तुकडा लाल करायचा, टोक ठोकून चपटं करायचं, त्यात भोक पाडून ते मोठं करायचं, भोकाच्या काठाला बाटलीचा बिल्ला, म्हणजे पत्र्याचं झाकण, उचलणारी जीभ काढायची आणि दांड्याला पीळ द्यायचा. झाला ओपनर. तोही विकायला नाही, शौक म्हणून.

"आठ घंटे कंपनीत लोखंड, आन सुट्टीला घरी लोखंड," चांगो ओटीवरून ऐकवायचा. "तिकडं पगार तरी देतात. हितं काय, आमचे कान फुटतात."

"जीव रमतो, दाजी," पोशा म्हणायचा.

"जीव रमवायचा तर शेतावर ये. बांध फुटलाय."

पोशा गुमान जाऊन बांध घालून द्यायचा आणि परत येऊन भट्टी पेटवायचा. अशा माणसाशी भांडणार तरी कसं? चांगोला त्याचाच जास्त राग यायचा.

बरं, केलेले ओपनर तो गावभर वाटायचा. एकाच्या दांड्याला नागाचा फणा, एकाच्या शेपटाकडे कोळंबीसारखा बाक. एकासारखा दुसरा नाही. लोकही असे खुळे की दाराशी खिळा ठोकून त्याला ओपनर टांगायचे. बाटली कुणाच्या घरात होती म्हणा! लग्नाकार्याखेरीज गावात सोडा कोण पिणार? येसूबाईने आपला ओपनर मासळीचे खवले काढायला लावला, हिरूने त्याला गुरांच्या दाव्याची गाठ सोडवायला घेतलं. चांगो हे सगळं हेरून ठेवायचा आणि पारावर बसून रंगवून सांगायचा. एकदा तर त्याने धोंडी लोहाराचे कान भरले, की तुझ्या धंद्यावर टाच येणार, बघ. धोंडी तणतणत पोशाच्या पडवीत आला, घटकाभर उभा राहिला, मग खाली बसून पंख्याचं चाक फिरवू लागला. जाताना एक ओपनर घेऊन गेला. चांगो त्यानंतर धोंडीशीही बोलेना.

खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. चांगो दातांनी बाटली उघडायचा. फार वर्षांपूर्वी एका हळदीला सोड्याचे खोके आले आणि ओपनर काही कुणाला सापडेना. तेव्हा पंचविशीतल्या चांगोने बाटली दाढेखाली धरली, खट्ट केलं आणि बिल्ला मांडवाच्या पार थुंकला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तेव्हापासून गावात हळद कुणाचीही असो, पहिली बाटली चांगोच्या दातांनी उघडायची आणि पहिला गिलास त्यालाच द्यायचा, असा रिवाजच पडून गेला. माणसाने आयुष्यात दुसरं काही मिळवलं नाही, की तो असल्या रिवाजाला जिवापाड जपतो. चांगोकडे शेत बेताचं, बोलणं तिखट, हातात कसब नाही. पण वर्षातून चार-दोन संध्याकाळी सगळा मांडव त्याच्या तोंडाकडे बघायचा. आता घरोघरी ओपनर लटकू लागले, तर त्या तोंडाला विचारणार कोण?

त्यातच थोरल्या भावाच्या, गोमाच्या, पोराचं लग्न ठरलं. पोरगी कशेळ्याकडची, माणसं शिकलेली. खरेदीची वाटणी झाली तेव्हा सोडा आणायचं काम चांगोकडे आलं. ते दरवेळी त्याच्याकडेच असायचं. पण निघताना गोमाने त्याला बाजूला घेतलं.

"चांगो, ऐक. हलदीला कशेल्याचं पावनं येनार हायत. तुजं ते दातानं बाटली फोडनं या येळी नको."

"का? लाज वाटते?"

"तसं नाय रं. पन बरं दिसत नाय. पोशानं यवडं वपनर केल्यात, तर पयली बाटली त्याच्या हातनं उघडू."

चांगोच्या अंगाचा तिळपापड झाला. सख्खा भाऊ, सख्ख्या पुतण्याची हळद, आणि मान मेव्हण्याला! काल आलेला, बहिणीच्या ताटात जेवणारा, सळया वाकवणारा! तो तडक घराकडे वळला. तिथे बोलला असता तर त्याच जागी भांडण होऊन मिटलं असतं. पण चांगोला भांडण मिटवायचं नव्हतं, पोशाची जिरवायची होती. घरी जाऊन तो सगळी रात्र कूस बदलत राहिला आणि पहाटे खुदकन हसला. जनीने विचारलं, काय झालं, तर म्हणाला, "काय नाय गं, झोप."

दरवेळी खोपोलीच्या दुकानातून बिल्ल्याचा सोडा यायचा. या खेपेला चांगो थेट कर्जतला गेला आणि स्टेशनजवळच्या सोडेवाल्याकडून गोळीचा सोडा टेंपोत भरून घेतला. गळ्यात काचेची गोळी अडकलेल्या, जाड हिरव्या बाटल्या. त्यांना बिल्ला नाही, बूच नाही. लाव म्हणावं आता ओपनर! नागाचा फणा लाव, नाहीतर कोळंबी लाव! टेंपोवाल्याशेजारी बसून गावात येईपर्यंत चांगो मनातल्या मनात पोशाचा चेहरा बघत होता. सगळ्या मांडवासमोर हातात लोखंड धरून खुळ्यासारखा उभा राहिलेला पोशा. त्या चेहऱ्यापुढे त्याला दुसरं काही दिसलंच नाही. खोके उतरवून त्याने त्यांच्यावर ओली गोणपाटं टाकली आणि कुणाला हात लावू दिला नाही.

हळदीच्या संध्याकाळी मांडव फुलला होता. पेट्रोमॅक्स टांगले होते, नवरदेव पिवळा होऊन पाटावर बसला होता, कशेळ्याचे पाहुणे पुढच्या बाकड्यांवर. येसूबाई धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी, दुपारपासून गात होती. चांगो नवा सदरा घालून खोक्यांजवळ उभा होता. समोरून पोशा आला. त्याच्या हातात नवाकोरा ओपनर होता, तेल लावून काळा कुळकुळीत केलेला. चांगोच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटू लागल्या.

गोमाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"मंडली, पयली बाटली उघडायची हाय. म्या पोशाला सांगितलं व्हतं, या येळी तू उघड. तर परवा कामावरनं सुटून ह्यो माज्याकडं आला. मना बोलला, 'गोमादादा, ह्यो मान दाजींचा हाय. पयली बाटली ते दातानंच उघडतील. माजा वपनर मागनं बाकीच्यांना.' कशेल्याच्या पावन्यांनाबी म्या सांगितलं. ते बोलले, आमाला बघायचंच हाय. ये चांगो, हो पुढं!"

पाहुणे बाकड्यांवरून उठून पुढे सरकले. पोरं खांद्यावर चढली. पोशाने स्वतः वाकून गोणपाट बाजूला केलं, बाटली उचलली आणि दाजींच्या हातात दिली. दिल्यावर त्याने तिच्याकडे नीट बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

चांगोने बाटली हातात धरली. सगळा मांडव श्वास रोखून होता. ओपनरला जिथे पकडायला काही नव्हतं, तिथे दातालाही पकडायला काही नव्हतं. गोळीचा सोडा वरून दाबून उघडतात. एवढी साधी गोष्ट, कर्जतच्या स्टेशनावरचं शेंबडं पोरही सांगेल. चांगोला ती आत्ता, दोन्ही गावांच्या देखत उमगली. तरीही सवयीने म्हणा, की लोक बघत होते म्हणून म्हणा, त्याने ती बाटली दाढेखाली नेली. दात काचेवरून सरकले, करकर आवाज झाला. कुणीतरी फिसकन हसलं.

"अरं, गोलीचा हाय काय?" गोमा जवळ येऊन बघत म्हणाला. "गोलीचा कशाला आनलास रं? आपन दर टायमाला बिल्ल्याचा आनतो ना?"

गोमाने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा पोशाच्या हातातल्या ओपनरकडे, आणि मग भावाच्या तोंडाकडे. त्याला कळलं. हळूहळू एकेकाला कळत गेलं, आणि ते कळणं बाकड्याबाकड्यावरून मागे सरकताना चांगोला दिसत होतं.

"दाजी, दाबा वरनं," पोशा हळूच म्हणाला. "अंगठा दाबा, म्हंजे जाईल."

चांगोने अंगठा लावला, पण हाताला घाम सुटला होता आणि गोळी काही हलेना. तेवढ्यात येसूबाई पाटावरून उठली.

"आन हिकडं! माजा घसा पार सुकला, आन ह्यो मेला बाटलीचा मुका घेतोय!"

तिने बाटली ओढून घेतली, कमरेला टेकवली आणि अंगठ्याने एक दणका दिला. फस्स करून फेस वर आला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिला गिलास येसूबाईने तिथेच उभ्याने पिऊन टाकला, पदराने तोंड पुसलं आणि पाटावर बसून गाणं पुढे उचललं. आता त्यात नवरदेवाचा काका आला होता, त्याची दाढ आली होती, आणि बायका लाजलज्जा सोडून तिच्यामागून म्हणत होत्या. खोक्यांभोवती पोरासोरांची झुंबड उडाली. ज्याला त्याला अंगठा होताच.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड कशेळ्याला निघालं, तेव्हा चांगो मागे राहिला. गोळीच्या बाटल्या सोडेवाल्याला परत द्याव्या लागतात, आणि ज्याने आणल्या त्यानेच त्या गोळा करायच्या. कुंपणाकडच्या, विहिरीवरच्या, लोकांच्या ओट्यांवरच्या, सगळ्या त्याला वेचून आणाव्या लागल्या. प्रत्येक रिकाम्या बाटलीत गोळी मोकळी झालेली. खोका डोक्यावर घेऊन तो गावातून चालू लागला की एवढ्या गोळ्या एकदम खुळखुळायच्या. ज्या घरावरून तो जाई, त्या घरातलं माणूस आवाज ऐकूनच दारात येऊन उभं राही.