सीडर फोर्कच्या रक्ताचा राखणदार

मित्रांनो, मी फ्रीझर आहे. पण तुमच्या घरात बर्फ आणि आइसक्रीम ठेवतो तो नव्हे. माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी असे. उघड्या हाताने आतला डबा उचलला तर कातडी डब्यालाच चिकटावी! नेब्रास्कातल्या एका विद्यापीठाच्या तळघरात मी चोवीस वर्षे उभा होतो. आज भंगाराच्या शेडमध्ये आहे. जुने झाल्यावर सगळेच आपली कहाणी सांगतात. मी माझी चूकही सांगणार आहे.

माझा जन्म ओहायोतल्या कारखान्यात झाला. माझ्या दाराला रबराची पट्टी बसवणारी बाई अंगठ्याने ती दाबत शेजारणीला म्हणाली, "दार असं लागलं पाहिजे, की मुंगी शिंकली तरी आत ऐकू येऊ नये!" ते मी मनावर घेतले. दार उघडले की ऊब आत शिरते, आणि ऊब म्हणजे माझ्यासाठी चोरच. तेव्हापासून दाराशी येणाऱ्या प्रत्येकाचा मला संशय येतो.

वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारने संशोधनासाठी दिलेल्या अनुदानातून मला विकत घेतले. कपाळावर 'सरकारी मालमत्ता' अशी पिवळी चिठ्ठी चिकटवली. मला घेणाऱ्या प्राध्यापिका म्हणजे मार्लिस ऱ्हुस्का. उंच, काटक, कमी बोलणाऱ्या. त्यांचा साहाय्यक डेल्विन ऑस्टरलो मात्र माझ्याशीसुद्धा बोलायचा. सीडर फोर्क परगण्यात मैलोन्‌मैल मका. मक्याला घातलेले खत पावसाबरोबर जमिनीत मुरते आणि विहिरीत उतरते. ते पाणी पिऊन वाढणाऱ्या मुलांच्या मूत्रपिंडांचे पुढे काय होते, हे मार्लिसना शोधायचे होते. त्यासाठी त्याच घरांतल्या माणसांचे रक्त दर दोन वर्षांनी घ्यायचे आणि माझ्याकडे जपून ठेवायचे.

रक्त मिळणे सोपे नव्हते. लेनर्ड वाव्रा नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यांना फाटकातच अडवले. हा किस्सा डेल्विनने माझ्यासमोर शंभरदा सांगितला असेल.

"सरकारकडून आलात?" लेनर्डने विचारले.

"विद्यापीठातून. पैसा सरकारचा आहे," मार्लिस म्हणाल्या.

"म्हणजे तेच! कर नेता, वरून आता रक्तही पाहिजे? हाडं कधी न्यायला येताय, तेवढं सांगून ठेवा. घरी असेन."

मार्लिस रागावल्या नाहीत. त्यांनी त्याच्याच विहिरीचे पाणी मागितले आणि ग्लासभर उभ्या उभ्या प्यायल्या. "तुमच्या नातवंडांच्या पोटात हेच जातं. त्याचं काय होतं ते मला माहीत नाही. तुम्हाला आहे का?"

लेनर्डने रिकामा ग्लास परत घेतला. मग त्याने बाही वर केली. "घ्या. पण माझं रक्त कुणाला विकलंत, तर बंदूक कुठे ठेवलीय ते मला पाठ आहे."

त्याच्यामागून सगळा परगणा आला. चर्चच्या सभागृहात रक्त घेण्याचा दिवस म्हणजे जत्राच. लेनर्डची मुलगी जोलीन कोलाचे नावाचे, खसखस भरलेले गोड पाव आणायची. ज्यांना सुई टोचायची ती पोरे आधी रडत, मग खात. संध्याकाळी डेल्विन कुप्यांचे डबे माझ्याकडे आणायचा. अकरा हजार कुप्या झाल्या. त्यांच्या आधारे सत्तर घरांनी विहिरी बदलल्या. राज्याच्या एका मोठ्या अधिकाऱ्याने माझ्या दारावर हात ठेवून फोटो काढून घेतला. मला त्याचाही संशय आला. दार उघडतो की काय!

शनिवारी विद्यापीठ बंद असे. तरी डेल्विन दर शनिवारी सकाळी यायचा, माझ्या पाठीवरची धूळ पुसायचा, आकडा बघायचा आणि म्हणायचा, "काय आजोबा, थंड आहात ना?" या कामाचा पगार त्याला कुणी देत नव्हते.

मग गेल्या मे महिन्यात वॉशिंग्टनहून पत्र आले. अनुदान बंद. कारण एका ओळीचे: हे संशोधन आता सरकारच्या प्राधान्यक्रमात बसत नाही. मार्लिसनी ते तीनदा मोठ्याने वाचले, जणू चौथ्या वेळी ते बदलणार होते.

त्या दिवसापासून तळघराची हवाच बदलली. डेल्विनचा पगार थांबला. माझे तापमान वाढले तर फोनवर इशारा देणारी सोय विद्यापीठाने बंद केली. मालमत्ता विभागाचा माणूस यादी घेऊन आला आणि म्हणाला, "चिठ्ठी सरकारची आहे, तर देखभाल-दुरुस्ती सरकारनं करावी." सरकार म्हणे, जागा विद्यापीठाची. त्यातच कुठल्याशा औषध कंपनीचा मार्लिसना फोन आला: कुप्या विकता का? त्यांनी फोन आपटला. पण संशयाचे बी पडले ते पडलेच.

जुलैमध्ये डेल्विन माझ्यातून डबे काढू लागला. रोज दोन, कधी तीन. मासेमारीला नेतात तसल्या निळ्या पेटीत, कोरड्या बर्फात घालून. मान खाली, पावले झपाझप. सांगत काहीच नव्हता. मित्रांनो, मी मनात म्हटले, ओळखला! पगार बंद झाला आणि गडी फिरला. ज्या हाताने ठेवले त्याच हाताने नेतो आहे.

मार्लिसनाही रिकाम्या फळ्या दिसल्या. त्यांनी डेल्विनला काही विचारले नाही. एक भक्कम कुलूप आणले, माझ्या दाराला लावले आणि किल्ली गळ्यात घातली. मला इतके बरे वाटले, की काय सांगू!

दुसऱ्या दिवशी डेल्विन पेटी घेऊन आला. कुलूप पाहिले. हात लावून पाहिला. पेटी उचलून परत गेला. शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही.

आणि त्याच शनिवारी, ऑगस्टच्या भर उन्हाच्या सकाळी, माझे यंत्र घरघरले आणि थांबले. दारावरचा लाल दिवा लुकलुकत राहिला. बघायला कुणी नव्हते.

सोमवारी मार्लिसनी कुलूप काढले तेव्हा माझ्या दारातून त्यांच्या बुटांवर पाणी आले. त्या खाली ओल्यातच बसल्या. मग त्यांनी डेल्विनला फोन करून बोलावून घेतले.

"उरलेलं सगळं गेलं," त्या म्हणाल्या. "तू नेलेलं तरी कुणाला विकलंस? नाव सांग. मी परत मागेन, पाया पडेन."

डेल्विन दारातच थबकला. "विकलं? मी?"

"पगार बंद होता तुझा. कंपनीचा फोन आला होता. मी काय समजायचं?"

"मला विचारायचं, मार्लिस! चोवीस वर्षांत एकदा तरी विचारल्याशिवाय राहिलात का?" त्याचा आवाज फाटला. "जोलीनकडे आहेत. तिच्या गायींच्या कृत्रिम रेतन केंद्रात. द्रव नायट्रोजनच्या टाक्या आहेत तिथं, याच्यापेक्षाही थंड. घरोघर फिरून सह्या घेतल्यात मी. ज्याचं रक्त, त्याची सही."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही परवानगी मागितली असती. परवानगी मागितली की 'नाही' येतं, आणि ते यायलाही तीन महिने लागतात."

मग मार्लिसनी हळूच विचारले, "किती वाचलं?"

"निम्म्याला थोडं कमी. मोठ्यांचं. मुलांचे डबे खालच्या फळ्यांवर होते. कुलूप लागलं त्याच आठवड्यात ते नेणार होतो."

त्याच दुपारी मार्लिस माझ्याशेजारच्या स्टुलावर यादी घेऊन बसल्या आणि एकेका घराला फोन लावू लागल्या. लपवले काही नाही. कार्लीन बेटशर नावाच्या बाईचा आवाज फोनमधून मलाही ऐकू आला. तिच्या टोबीचे रक्त तो चार वर्षांचा असताना घेतले होते. टोबी आता बावीसचा; मूत्रपिंडे दुखावलेली. डॉक्टरांना जुने रक्त ताडून पाहायचे होते.

"नवीन हवं तेवढं घ्या हो," कार्लीन म्हणाली. "पण चार वर्षांच्या टोबीचं कुठून आणू?"

"चूक माझी आहे," मार्लिस म्हणाल्या.

मग कार्लीन म्हणाली, "राहिलंय त्याला कुलूप आहे?"

"आहे. जोलीनकडे."

"मग किल्ल्या तीन करा. एक तिला, एक तुम्हाला, एक मला. तुमच्यावर माझा विश्वास नाही, डॉक्टरबाई. म्हणूनच मागतेय."

"देते," मार्लिस म्हणाल्या. शेजारी डेल्विन फडक्याने माझ्यातले पाणी टिपत होता. त्या उठल्या, दुसरे फडके घेतले आणि त्याच्याजवळ गुडघे टेकून बसल्या.

मित्रांनो, मला कुणी दुरुस्त करा असे मी म्हणत नाही. माझे वय झाले. पण लोकांनी विश्वासाने दिलेली वस्तू सांभाळायला पैसा लागतो, माणूस लागतो, आणि दोन्ही मध्येच काढून घेता येत नाहीत. पत्र लिहिणाऱ्याने आधी एकदा येऊन माझे दार उघडले असते, तर ती ऊब मी आनंदाने सोसली असती.

आणि तुमच्यापैकी कुणाला आपला माणूस गुपचूप काही नेताना दिसला, तर संशय जरूर घ्या. पण कुलूप लावण्याआधी त्याला विचारा, "कुठे नेतोस रे?" मला बोलता येत नव्हते. मार्लिसना येत होते.