एका बाजूची धार

"दोन्ही मिळून एकच करा," असं म्हणत धाकट्यांनी दोन सुऱ्या ऐरणीवर ठेवल्या, आणि आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझं. घण मारून मारून हे इतके बहिरे झालेत की माझं बोलणं अर्धं ऐकू येत नाही, आणि जे येतं ते ऐकत नाहीत.

धाकटे म्हणजे कोपऱ्यावरचे बाइंडर. दुकान दोघा भावांचं, आणि सगळी गल्ली त्यांना थोरले आणि धाकटे म्हणायची. थोरले चामडं कापायचे, त्याच्या कडा कागदासारख्या पातळ सोलायचे. धाकटे पानं शिवायचे. जन्मभर त्यात अदलाबदल म्हणून नाही. थोरले गेले आणि शिवून तयार झालेली पुस्तकं दुकानात उघडीबोडकी पडून राहिली.

"ही दादाची. आणि ही त्यानं मला घेऊन दिलेली, मी कधी हातात धरली नाही," धाकटे म्हणाले. "आता शिकायला पाहिजे वहिनी, नाहीतर दुकानाला कुलूप. दादाचं पोलाद हाताशी असलं तर जमेल असं वाटतं. वेडेपणा आहे, कळतंय मला."

"असू दे हो. लोकांच्या वेडेपणावरच आमची चूल पेटते," मी म्हणाले. ते हसले नाहीत. डोळे भरून आले होते त्यांचे. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ह्यांनी दोन्ही सुऱ्यांचे तुकडे थरावर थर रचले, तापवले, ठोकून एकजीव केले, पिळले, पुन्हा ठोकले. असं पातं घडवलं की त्यात दोन पोलादांची नक्षी असते, पण पातं अ‍ॅसिडमध्ये बुडवेपर्यंत ती कुणालाच दिसत नाही.

माझं काम मुठीचं आणि धारेचं. मूठ करायच्या आधी मी गिऱ्हाइकाच्या हातात ओल्या मातीचा गोळा देते आणि घट्ट दाबायला सांगते. बोटांचे खड्डे उमटले की त्या मापानं लाकूड तासायचं. धाकट्यांनी गोळा दाबला तेव्हा मी समोर उभी होते. उजवा हात होता, सुई ओढून ओढून घट्टे पडलेला. मी गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला.

पातं घडून आलं तेव्हा फडकं सोडलं, मूठ तासली, धार लावली. चामडं सोलायच्या सुरीला एकाच बाजूनं धार असते, उजव्या हाताची सुरी डाव्या हाताला चालत नाही. हात कुठला ते मला माती सांगते, विचारावं लागत नाही. सगळं झाल्यावर ह्यांनी पातं उलटसुलट करून पाहिलं.

"डावखुऱ्याची का केलीस?"

"काहीतरीच काय बोलता!" म्हणत मी पातं हिसकावून घेतलं. डाव्याचंच होतं. धावत गोळ्याकडे गेले. मातीत डाव्या हाताचा पंजा रुतला होता, बोटं जाडजूड, करंगळी वाकडी. धाकट्यांची बोटं तर बारीक आणि सरळ. चूक माझी नव्हे, हे मी आजही ठणकावून सांगते.

"थोरले डावखुरे होते," हे म्हणाले.

"मोडून टाका हो. दुसरं करू."

"थोरल्यांचं पोलाद दुसरं कुठून आणू?" म्हणत ह्यांनी पातं अ‍ॅसिडमध्ये सोडलं.

नक्षी हळूहळू वर आली. एका पोलादाच्या काळ्या रेघा मुठीपासून टोकापर्यंत गेल्या होत्या. दुसऱ्याच्या पांढऱ्या रेघा मध्येच कुठेतरी संपत होत्या. "दोन्ही सारखंच घातलं होतं मी," हे पुटपुटले. पुन्हा बुडवून पाहिलं. तेच.

धाकटे सुरी न्यायला आले. "भाऊ, जरा घोटाळा झालाय," असं मी म्हणेपर्यंत त्यांनी ती उचललीसुद्धा. डाव्या हातानं. खिशातून चामड्याचा तुकडा काढला, फळीवर ठेवला आणि एका दमात कड सोलून काढली. सुरी कधी न धरलेला माणूस!

"जमलं की हो वहिनी!" ते लहान पोरासारखे हसले. इतकं हसताना मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. घोटाळ्याचं तसंच ठेवून मी सुरी फडक्यात गुंडाळून दिली.

दुकान चालू झालं. अडलेली पुस्तकं भराभर बांधून गेली, लोक कामाचं तोंडभरून कौतुक करायचे. मग एका दुपारी आईचं खिळखिळं झालेलं पुस्तक घेऊन मी तिथे गेले. धाकटे थोरल्यांच्या जागेवर बसून चामडं सोलत होते. भिंतीला न शिवलेल्या पानांचे गठ्ठेच गठ्ठे लागले होते.

"ठेवून जा वहिनी, पण वेळ लागेल," मान वर न करता ते म्हणाले. आवाज थोरल्यांसारखा घोगरा लागला. "कापून मी आत्ता देतो. शिवायला धाकटा नाही ना."

मला थट्टा वाटली. "आणि मग तुम्ही कोण?"

त्यांनी वर पाहिलं. माझा प्रश्न त्यांना कळलाच नव्हता. उजवा हात मांडीवर पालथा पडला होता.

मला रडू आवरेना. बिचारा शिकायला आला होता हो! मी टेबलावरची सुई घेतली, दोरा ओवला आणि त्या उजव्या हाताच्या चिमटीत द्यायला लागले. बोटं मिटेनात. सुई घरंगळून खाली पडली.

"राहू द्या वहिनी," ते माझीच समजूत काढत म्हणाले. "तो आला की शिवेल."

समोर धाकट्यांचं स्टूल रिकामं होतं. त्याच्यावर बसायला मन धजेना. मी खाली वाकून सुई शोधली आणि उभ्याउभ्याच वरच्या गठ्ठ्यात नीट खोचून ठेवली.