पोस्टरखालचे पंधरा दिवस

मी जाहिरात बोलतेय. साड्यांच्या सेलची नव्हे, नोकरीची. परभणी जिल्ह्यातल्या एका विद्यापीठात संशोधन सहायकांच्या सहा जागा भरायच्या होत्या, म्हणून माझा जन्म झाला. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. कागदालाही थोडी लाज असते. मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, हवामानशास्त्र, अन्नतंत्रज्ञान अशी भारदस्त नावं अंगावर घेऊन मी प्रिंटरमधून बाहेर पडले. वाटलं, आता मला वाचायला झुंबड उडणार.

कार्यालयातले मोठे बाबू व्यंकटराव यांनी मला व्हरांड्यातल्या बोर्डावर लावलं. मोबाइल काढून माझा फोटोही घेतला. मी बापडी खूश! फोटो नीट आल्याची खात्री होताच त्यांनी गाजरगवत निर्मूलनाचं भलंमोठं पोस्टर आणलं आणि माझ्या तोंडावर ठोकलं.

"मातीच्या जागेला साहेबाचा भाचा हाय," ते शिपायाला म्हणाले, "उगं गर्दी कशाला?"

संकेतस्थळाचा सर्व्हरही नेमका तेव्हाच बंद पडला.

मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. दर दोन दिवसांनी पेडगावच्या शिवकन्येचा आवाज यायचा. मृदाशास्त्रात एम.एस्सी. झालेली ही मुलगी दोन वर्षं रोजंदारीवर याच विभागात मातीचे नमुने तपासत होती. माझ्यावर त्या जागेची जी पात्रता छापली होती, ती ओळ न ओळ तिचीच होती.

"काका, निघाली का हो जाहिरात? घरी स्थळं बघायलेत. एवढ्या जाहिरातीपुरतं थांबा म्हणून बाबाला कसंबसं थोपवलंय."

"निघंल की माय! निघाली की पहिलं तुलाच सांगतो."

तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी रोज मागून खाणारा माणूस हे बोलत होता. ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. पोस्टर फाडून तिच्या पुढ्यात पडावं असं फार वाटलं. टाचण्यांपुढे माझं काय चालणार?

मुलाखतीच्या दिवशी ती नमुन्यांची पिशवी घेऊन आली, तर व्हरांड्यात इस्त्रीचे शर्ट रांगेत बसलेले. कशाची गर्दी म्हणून तिनं एकाला विचारलं.

"मुलाखती हायत ना आज. आमाला हापिसातून फोन आला व्हता. तुमाला ठाऊक न्हाई?"

ती तडक बोर्डाकडे आली. तिनं पोस्टर उचललं आणि मला पहिल्यांदा कुणीतरी वाचलं. 'नोंदणी सकाळी दहापर्यंत' या ओळीवर तिचं बोट थांबलं. सव्वाअकरा वाजून गेले होते.

"काका, परवाच विचारलं होतं ना मी?"

व्यंकटरावांनी मान वर केली नाही. "पंधरा दिवस बोर्डावर होती. फोटो हाय फाइलीत. तू वाचली न्हाईस, त्याला आमी काय करावं?"

माझ्याच जिवावर ते खोटं बोलले. लोकांना सांगण्यासाठी जन्मले आणि लपवण्याच्या कामी आले, याचा मला अजून संताप येतो.

भाचा रुजू झालाय. मी फाइलीत आहे, अंगावर 'प्रदर्शित केली' असा शिक्का घेऊन. शिवकन्येनं माहितीच्या अधिकारात अर्ज केलाय. उद्या तिला माझी झेरॉक्स देणार आहेत.

पोरी, झेरॉक्स घेऊन परत जाऊ नकोस. फाइल उघडायला लाव, मला हातात घे. त्या बोर्डावर दुपारभर ऊन असतं. पंधरा दिवसांत तिथला प्रत्येक कागद पिवळा पडतो. मी अजून पांढरीशुभ्र आहे. झेरॉक्समध्ये मात्र सगळेच कागद पांढरे दिसतात.